डी ड्राइव्हमधला बॅकअप

मित्रांनो, आज भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकत होतो. सगळ्या पायऱ्या वहीत लिहिल्या होत्या. पार्ट कापणाऱ्या सीएनसी मशीनचे सगळे प्रोग्राम सी ड्राइव्हमधून डीमध्ये कॉपी करून दोनदा तपासले होते.

मग 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला. मला वाटलं, डिस्क म्हणजे फक्त सी. पण सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग होते. दोन्ही गेले.

ते प्रोग्राम आमचे जुने ऑपरेटर जाधवकाका यांनी अकरा वर्षांत बसवले होते. त्यांना सांगितलं.

"डीमध्ये ठेव, सेफ असतं, हे तुला मीच शिकवलं ना राव," ते म्हणाले आणि प्रोग्राम नव्याने लिहायला मापाचं व्हर्निअर घेऊन पहिला जॉब, म्हणजे तयार पार्ट, पुन्हा मोजायला बसले.

मी आकडे लिहून घेत होतो. रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही.

तुमचा बॅकअप खरंच वेगळ्या डिस्कवर आहे का?