अठरा पूर्ण व्हायला वेळ आहे

मी एसटीत कंडक्टर आहे. माणसाचं वय हा माझ्या रोजच्या भांडणाचा विषय. बारा वर्षांपर्यंत लेकराला अर्धं तिकीट, त्यामुळं भूम-वाशी-येरमाळा या वाटेवर कुठल्याच लेकराला बारावं सरत नाही. मिसरूड फुटलेलं पोरगं मांडीवर घेऊन बसलेली आई मी पाहिली आहे. आणि पलीकडच्या सीटवर साठीतला गडी फुकट प्रवासासाठी पंचाहत्तरीचा होऊन बसलेला असतो. पण वयाचं हेच भांडण माझ्या घरी येईल, तेही थेट परदेशातल्या शर्यतीपायी, असं कधी वाटलं नव्हतं.

माझी लेक पळते. येरमाळ्याच्या घाटात सकाळी तिचा सराव चालतो आणि कधीकधी माझी पहिली फेरी त्याच वेळी घाट चढत असते. ड्रायव्हर हॉर्न देतो, दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं खिडकीतून वाकून बघतात, "कंडक्टरबाईची हाय" असं एकमेकांना सांगतात. ती मात्र बसकडं बघत नाही. सरांनी सांगितलंय, मान वळवायची न्हाय.

सर म्हणजे तिच्या शाळेतले खेळाचे शिक्षक. तिला हेरलं त्यांनीच. ती सोळा वर्षांची असताना त्यांनी तिला एका मोठ्या शहरातल्या खुल्या शर्यतीला नेलं. तिथं लग्न झालेल्या, नोकरीला लागलेल्या बायका पळत होत्या. त्यांच्यात ही दुसरी आली. ते बघून एका नावाजलेल्या प्रशिक्षकांनी सरांचा नंबर घेतला आणि आठवड्याभरात फोन केला, पोरीला शिबिराला पाठवा, दहा हजार मीटरसाठी तिचा विचार करू. मोठ्या बायकांच्या संघातून, भारतातर्फे.

विचार करू म्हणजे निवड झाली, असं आमच्या घरानं धरलं. माझ्या धाकट्या दिराचं हायवेवर फ्लेक्सचं दुकान आहे. त्यानं संध्याकाळी फ्लेक्स छापून चौकात टांगलासुद्धा. 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर लेकीचा फोटो, खाली त्याहून मोठा, हात जोडलेल्या दिराचा. दोन दिवस मला तिकिटापेक्षा पेढेच जास्त वाटावे लागले.

तिसऱ्या दिवशी सर घरी आले. चहा पुढं केला तर म्हणाले, आधी ऐकून घ्या. दहा हजार मीटरला मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अठरा पूर्ण झाल्याशिवाय उभं राहता येत नाही. प्रशिक्षकांना तिच्या अंगकाठीवरून ती अठराची वाटली होती. जन्मतारीख कळल्यावर त्यांनी शिबिराचं बोलावणं मागं घेतलं. सरांचं तोंड एवढंसं झालं होतं. वय आपण आधीच सांगायला हवं होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

माझे सासरे बाजेवर बसून ऐकत होते. त्यांच्या पिढीला जन्मतारीख म्हणजे गुरुजी लिहितील ती. आमचं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय. त्यांना यात अडचण अशी दिसेचना.

"दोनच वर्षं कमी पडत्यात ना? मग वाढवून घ्या की," ते मला म्हणाले.

मी म्हणलं, "मामा, ती दवाखान्यात जन्मलीय. तिची तारीख पक्की हाय."

ते सरांकडं वळले. असला नियम केलाच कशाला, चपळ पोरीला कुणी धरून ठेवतं का, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. सरांनी त्यांच्याजवळ बसून समजावलं. या वयात हाडं अजून वाढत असतात, एवढ्या लांब पल्ल्याचा सराव अंगावर पडला तर पायाचं हाड चिरतं, वजन उतरतं, पाळी बंद पडते. पंधराव्या वर्षी पदकं घेऊन विसाव्या वर्षी पळणं सोडलेल्या पोरी त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. पोरीपेक्षा पदकाची घाई मोठ्या माणसांना असते, म्हणून हा नियम, ते म्हणाले.

एवढा वेळ लेक उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती आता रडेल म्हणून मी तिच्याजवळ गेले, तर ती आजोबांना म्हणाली, "आबा, दोन वर्षांत मी अठराची व्हणारच हाय. त्यासाठी खोटं कशाला बोलायचं?"

मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "मम्मी, म्हंजे आता मला ताईच्या हळदीला नाचता येतंय ना?"

तेव्हा मला उमगलं. भूमला माझ्या भाचीचं लग्न होतं, शिबिर त्याच दिवसांत येत होतं. सगळ्या बहिणी मिळून नाच बसवत होत्या आणि ही घरात बसून मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ बघत होती. आम्ही फ्लेक्स लावण्यात दंग होतो, तिला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. सरांना हसू आवरेना. पाय मुरगळू देऊ नकोस, एवढीच अट त्यांनी घातली आणि मग गार झालेला चहा प्यायले.

फ्लेक्स उतरवायला दीर तयार होईना. लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं 'झाल्याबद्दल' वर पट्टी चिकटवून 'होणार असल्याबद्दल' केलं. माझ्या बसमधली माणसं ते मोठ्यानं वाचून हसायची, मीही हसायचे.

हळदीला ती इतकी नाचली की तिची चप्पल तुटली. अंगभर हळद, केसांत हळद. मांडवाच्या कडेला सासरे खुर्ची टाकून बसले होते. नातीच्या प्रत्येक गिरकीला हातातली काठी जमिनीवर आपटून ताल धरत होते. मी माझ्या लेकीला एवढं मोकळं होऊन हसताना बऱ्याच दिवसांनी बघत होते.

नंतर सरांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की वीस वर्षांखालच्या मुलींच्या संघात सोळाव्या वर्षीही जाता येतं, फक्त पल्ला कमी. तीन हजार मीटर. तिनं त्यासाठी सराव केला, निवड चाचणी दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात खरोखर विमानात बसली. या वेळी दिरानं संघाची यादी हातात पडेपर्यंत काही छापलं नाही.

शर्यत आम्ही डेपोच्या विश्रांती खोलीत मोबाईलवर बघितली. चार ड्रायव्हर, सहा कंडक्टर आणि एक मेकॅनिक, सगळे एकाच पडद्यावर वाकलेले. ती सहावी आली. मेकॅनिकनं विचारलं, सहाव्याला काय मिळतं. काही नाही, म्हणलं, आणि आम्ही तरीही टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. अजून धाप लागलेली होती.

"मम्मी, माझ्यापेक्षा लहान एक पोरगी होती, ती चौथी आली. लई भारी पळती. मी तिच्यासोबत फोटो काढलाय, पाठवू का?"