एका श्वासाचा आकडा

आमच्या साडूंइतका घायकुतीला आलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी वैजनाथाची शपथ घेऊन सांगतो. राहायला गेवराईला, नोकरी औरंगाबादच्या एका खासगी तपासणी केंद्रात. बाजार खुला झाला तेव्हा थंड पेयं आणि केबल टीव्हीच्या पाठोपाठ परदेशात वापरून झालेलं एक एमआरआय मशीनही तिथं आलं, आणि ते चालवायला नेमके आमचे साडू मिळाले. मला त्या मशीनची कीव यायची. साडूंना दोन गोष्टी सहन होत नसत, वाट पाहणं आणि मोघम बोलणं. सिरसाळ्याला माझ्या कापडदुकानात ते बसलेले असताना एखादं गिऱ्हाईक "लई ऊन हाय" म्हणालं, की हे ओरडायचे, "लई म्हंजे किती?" माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले आणि कुणीतरी म्हणालं, "पोरगी लई शांत हाय." साडूंनी तिथंही तेच विचारलं. पाहुणे अर्धे पोहे टाकून उठले. सोयरीक मोडली ती मोडली, वर हे स्टँडपर्यंत मलाच ऐकवत राहिले, "कावून रागावले ओ ते? मोजता येत न्हाई तर बोलावं कशाला?"

मशीनवरही त्यांचा हाच राग. डॉक्टर फोटो बघून "लिव्हर काळपट दिसतंय" म्हणाले, की साडूंचा जीव खालीवर व्हायचा. कुठल्याशा इंजिनिअरकडून त्यांनी इंग्रजी कागदांच्या झेरॉक्सचं बाड मिळवलं होतं. मशीननं एकामागून एक फोटो काढले आणि शरीरातून येणारा इशारा किती लवकर विझतो ते मोजलं, तर लिव्हरमध्ये लोखंड किती साचलंय त्याचा आकडा निघतो, असं त्यात होतं. "देवळातली घंटा वाजवा," ते मला समजवायचे, "नाद किती येळ टिकतो बघा. आता हात ठिवून वाजवा. लोखंड तसंच हाय, नादच मारून टाकतं." गोम एवढीच, की त्या म्हाताऱ्या मशीनला याला दहा-बारा मिनिटं लागायची. तोवर माणूस श्वास घेणार, पोट हलणार, आकडा बिघडणार. साडूंनी ठरवलं, सगळं एका श्वासात बसवायचं. मग महिनोन्‌महिने कुठं फोटो कमी कर, कुठं जाडेभरडे काढ, असं चाललं. माणसाचा एक श्वास केवढा असतो हे कळावं म्हणून त्यांनी सगळ्या नातेवाइकांना खाटेवर आडवं केलं आणि स्टॉपवॉच धरलं. माझी बायको तीस सेकंदांवर गेली. मी अकरावर आटोपलो. "साडू, तुमाला बोलल्याबिगर जमतच न्हाई," म्हणाले आणि वहीतून माझं नाव खोडलं.

आम्ही हसायचो, पण या घाईचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची नऊ वर्षांची उमा. तिच्या अंगात नीट रक्तच तयार होत नसे. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त द्यायचं, आणि त्या रक्तातलं लोखंड लिव्हरमध्ये साठत जायचं. कमी असेल तर चालू आहे तेच चालू ठेवू, फार असेल तर आमच्या हातात थोडंच आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. किती आहे ते कळायला लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढावा लागणार होता. "पोरीला भोसकू देणार न्हाई," साडू म्हणाले, "मीच मोजतो." त्यांचं मोजमाप कसंबसं सोळा सेकंदांवर आलं होतं. उमा अठरा सेकंद श्वास धरायची.

एका रविवारी मालकांची परवानगी काढून साडू, उमा आणि मी केंद्रात गेलो. काचेपलीकडून साडू माइकवर म्हणाले, "उमा, श्वास धर." मशीन दार ठोठावल्यासारखं वाजलं, थांबलं, आणि आकडा आला. चांगला आला, लोखंड कमी होतं. परतीच्या एसटीत साडूंनी कंडक्टरसकट सगळ्यांना पेढे वाटले. मी रडलो, त्यात लाज कसली?

तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांचा फोन आला. "साडू, आकडा खोटा हाय." फोटोच्या कडा त्यांना पुसट दिसल्या होत्या, म्हणून त्यांनी उमाला विचारलं. ती म्हणाली, "अण्णा, तुमी हाक मारली, मग मी 'जी' म्हणले." मोठ्यांनी हाक मारली आणि ओ दिली नाही, हे आमच्या घरांत चालतच नाही. चिमटे काढून आम्हीच तिला ते शिकवलं होतं. त्या एका 'जी'नं श्वास सुटला, पोट हललं, आणि बिघडलेला फोटो चांगल्या आकड्याचं सोंग घेऊन आला. मी फोनवरच चिडलो. "मग ऱ्हाऊ द्यायचा व्हता की तोच! कुणाचं काय बिघडत व्हतं?" साडूंनी पुढच्या रविवारची वेळ सांगितली आणि फोन ठेवला. त्यांचा एवढा राग मला पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी हाक मारली नाही. ठोठावणं सुरू झालं की श्वास धरायचा, असं घरीच ठरलं होतं. फोटो आरशासारखा स्वच्छ आला. मला आकड्यातलं काही कळत नाही, पण मी साडूंकडे पाहिलं आणि कळलं, डॉक्टर 'फार' म्हणाले होते तो हाच. त्यांनी आकडा वहीत उतरवला.

आत गेलो तेव्हा उमा मशीनच्या फळीवर उठून बसली होती, दोन्ही वेण्या विस्कटलेल्या. "अण्णा, ह्या टायमाला बरोबर आलं का?"

साडू खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावत होते. "आलं, बाई," ते म्हणाले. "येकदम बरोबर आलं."

ती खूश झाली. बक्षीस म्हणून तिनं उसाचा रस मागितला, आणि रसवंतीच्या बाकड्यावर पाय हलवत मला सांगत राहिली, की पुढच्या वेळी ती पुरे वीस सेकंद धरून दाखवणार आहे.