पुलगाव ते रोहणा, दोन गाड्यांतून

नागपूरहून निघाले तेव्हा नव्या सेडानच्या सीटवरचं प्लॅस्टिकही मी काढलं नव्हतं. आमच्या घरात आलेली ही पहिली कोरी गाडी. पुलगावहून बाबांना घ्यायचं आणि रोहण्याला आत्याकडे जेवायला जायचं, असा बेत होता.

पोचले तर बाबा त्यांच्या रेसिंग कारला फडकं मारत होते. फिटरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी गाडी भंगारातून आणली. अकरा वर्षं खपून, कितीतरी भाग स्वतः लेथवर घडवून ती उभी केली. छप्पर नाही, दारं नाहीत, जागा एकाच माणसाची.

"बाबा, माझ्या गाडीत बसा ना."

"तू ये मांगून. आज हे पहिल्यांदा गावाबाहेर निघून राह्यली."

मनाला लागलं, तरी मी गाडी त्यांच्या मागे काढली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) पांढरीशुभ्र फुटली होती. एसीच्या गारव्यात मला माझ्याच इंजिनाचा आवाज येत नव्हता. काच खाली केली आणि बाबांच्या गाडीची गर्जना थेट छातीत शिरली. वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत होत्या.

अर्ध्या वाटेत ती गाडी ठसकून थांबली. एक मोटारसायकलवाला उतरला.

"काकाजी, हे काय हाय?"

"रेसची गाडी."

"मंग थांबली काऊन?"

बाबा हसले. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. नळी सोडून त्यांनी तोंडाने फुंकली, पुन्हा बसवली आणि गाडीच्या पुढच्या बाजूचं हँडल फिरवून मारलं. इंजिन सुरू झालं, पण हँडलच्या उलट्या झटक्याने त्यांचं मनगट लचकलं. ते जड स्टिअरिंग आता त्यांना पेलणार नव्हतं.

"माझी ऑटोमॅटिक आहे," मी म्हटलं. "एका हातानं चालते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग हे तू घे. ॲक्सिलरेटर मधात हाय, ब्रेक उजवीकडं. भुलजो नको."

पहिला मैलभर मी श्वासच रोखून होते. खड्डा थेट मणक्यात बसायचा, डोळ्यांत धूळ जायची, गिअर टाकताना खांदा भरून यायचा. सेडान मला सांभाळून नेते. इथे मीच गाडीला सांभाळत होते. तरी उतरावंसं वाटलं नाही.

रोहण्यात आत्या दारातच होती. "अवं, तू चालवून राह्यली का हे?"

बाबा मागच्या सेडानमधून उतरले. "गाडी म्या बनवली, अन् चालवून आणली माह्या पोरीनं. अन् हे मांगची तिनं स्वतः घेतली. आवाजच नाई करत. दोनदा पाह्यलं, चालू हाय का बंद!"

पाटवडी-रश्श्याचं जेवण झाल्यावर आत्याने दोन्ही गाड्यांना कुंकू लावलं.

परतताना बाबांची गाडी घेऊन मीच पुढे होते. माझा वेग जेमतेम चाळीस. थरथरत्या गोल आरशात पांढरी सेडान दिसत होती. तिच्यामागे एक ट्रक सारखा हॉर्न वाजवत होता. ती क्षणात मला मागे टाकू शकली असती. पुलगाव येईपर्यंत बाबांनी ओव्हरटेक केलं नाही, आणि त्या ट्रकलाही करू दिलं नाही.