वरचं, मधलं, खालचं

बस स्टँडच्या समोर चष्म्याचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या मालकाला अख्खा रस्ता ‘पहिली-का-दुसरी’ म्हणतो. तोंडावर नाही, पाठीमागे. पण रस्ता अरुंद, त्यामुळे पाठीमागचं बोलणंही त्याच्या कानावर येतंच. त्याला त्याचा राग नाही. डोळे तपासायला बसलेल्या माणसाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, “पहिली बरी, का दुसरी?” हाच तर त्याचा धंदा. गिऱ्हाईक म्हणालं, “दुसरी,” की हा म्हणणार, “बरं. आता ही दुसरी बरी, का ही तिसरी?” समोरचा कंटाळून “सगळ्या सारख्याच दिसतात हो” म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मात्र खोटं कशाला बोला, चष्मा अचूक द्यायचा. त्याने दिलेला नंबर चुकला अशी तक्रार घेऊन कुणी आलं नाही.

पण दुकानात जे चालतं ते घरात चालत नाही, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. बायकोने सांगितली होती म्हणा. पण बायकोचं सांगणं हे सांगण्यात धरायची त्या घरात पद्धत नव्हती. बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून त्याने भिंतीवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढून घेतले, सकाळच्या उजेडात पाहिले, संध्याकाळच्या उजेडात पाहिले, दिवा लावून पाहिले. ते पट्टे अजून तसेच आहेत. पाहुण्यांना वाटतं, हौसेने काढून घेतलेत. मुलीसाठी स्थळं बघायला लागला, तर पहिल्याला दुसऱ्याशी आणि दुसऱ्याला तिसऱ्याशी ताडून बघेपर्यंत पहिल्याचं लग्न होऊन त्याच्याकडे बारसंही झालं. शेवटी मुलीने आपलं आपण जमवलं. लग्नात हा एक डोळा बारीक करून जावयाकडे बघत होता, असं त्याची मेहुणी अजून हसून हसून सांगते.

आता बर्फाचं. समोरच्या स्टँडवरून हिवाळ्यात डोंगरावर जाणाऱ्या बसेस सुटतात. त्या रस्त्यावर बर्फात खेळायची तीन पार्कं आहेत. त्यांना मोठमोठी नावं आहेत, पाट्या आहेत, पण लोक सुटसुटीत बोलतात: वरचं, मधलं आणि खालचं. वरचं अगदी डोंगराच्या माथ्याजवळ. बर्फ अस्सल, उतार लांबलचक, पण तिथवर पोचेपर्यंत धाप लागते. मधल्यात माणसाला घसरायच्या रबरी ट्यूबसकट वर नेणारा सरकता पट्टा आहे, पण त्या पट्ट्यासाठी ही रांग. खालच्यात बर्फ यंत्राने फवारतात आणि उतार एवढासा, पण बस दारात थांबते आणि गरम चहा मिळतो. झालं, एवढाच तो विषय. पण बर्फावरच्या उन्हाने डोळे दुखतात, म्हणून वर जाणारा प्रत्येक जण आधी समोरच्या दुकानात काळा गॉगल घ्यायला शिरायचा, आणि खाली आला की दांडी मोडली म्हणून पुन्हा शिरायचा. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तो पहिली-का-दुसरीच्या तावडीत सापडायचा. उतार कसा होता, ट्यूब नवी होती का जुनी, बर्फ भुसभुशीत का कडक, रांगेत उन्हात उभं करतात का सावलीत. तीस हिवाळे ही उलटतपासणी चालली. गावात बर्फाबद्दल त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लोक त्याला विचारून जायचे. त्याने स्वतः बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला.

गल्ल्यामागे त्याची बायको बसायची. गॉगल पुसून, कागदात गुंडाळून ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि बसकडे पळणारी माणसं काचेतून बघायची. तिचं मागणं फार नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली होती, “अहो, एकदा त्या रबरी ट्यूबमध्ये बसून वरून खाली घसरायचंय मला.” तो म्हणाला, “जाऊ की. पण नीट बघून जाऊ.” दर हिवाळ्यात ती हेच म्हणायची आणि दर हिवाळ्यात तो हेच. त्याचं नीट बघून व्हायच्या आत बर्फ वितळून जायचा. वरातीमागून घोडं म्हणतात, त्यातलाच हा. फक्त याचं घोडं अजून तबेल्यातच होतं.

यंदा मात्र तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, “हिवाळा संपला की दोन्ही बदलून टाकू. मग छान चालाल, पण घसरणं-पडणं बंद. ते बर्फात खेळणं वगैरे कायमचं विसरा.”

“आणि आत्ता गेलं तर?” तिने विचारलं.

“आत्ता काय, दुखतातच आहेत. बसून घसरायचं तर घसरा, जपून.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरून थांबली. “ऐकलंत ना? या हिवाळ्यात नाही, तर मग नाही.”

त्याला फार वाईट वाटलं. त्याचं बायकोवर प्रेम नव्हतं असं म्हणणाऱ्याची जीभ झडेल. उलट प्रेम होतं म्हणूनच सगळा घोळ झाला. एकदाच जायचं, म्हणजे चुकून चालणार नाही; एकदाच जायचं, म्हणजे सगळ्यात उत्तमच हवं. रिक्षात बसल्या बसल्या तो म्हणाला, “यंदा जायचं म्हणजे जायचंच. आज रात्रीपासून बघायला लागतो.” ती रिक्षाबाहेर बघत गुडघे चोळत राहिली.

मग जो काथ्याकूट सुरू झाला! नमनालाच घडाभर तेल गेलं. मोबाइलवर लोकांनी लिहिलेली मतं तो चष्म्यावर चष्मा लावून वाचायला लागला. एकाने वरच्या पार्काला एकच तारा दिला होता, कारण बर्फ फार गार होता. मधल्याबद्दल एकाने लिहिलं होतं, सासूबाई पहिल्याच उतारावर आडव्या झाल्या, आणि पुढे पाचच्या पाच तारे. खालच्याबद्दल एका बाईंची तक्रार होती की बर्फाने कपडे ओले होतात, व्यवस्थापनाने याकडे लक्ष द्यावं. हा ते सगळं गंभीरपणे वाचायचा आणि म्हणायचा, “यात तथ्य आहे.” ऐकावे जनाचे, करावे मनाचे अशी म्हण आहे. हा ऐकायचा जनाचं, आणि करायचा कुणाचंच नाही.

डोंगरावर रोज बस नेणारा ड्रायव्हर सकाळी त्याच्या दुकानात तोंडावर पाणी मारायला यायचा. त्याला एकदा त्याने बाकावर बसवूनच घेतलं.

“तू रोज जातोस. तूच सांग, कुठलं बरं?”

“काका, तिन्हीकडे बर्फच आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “आणि पांढराच आहे.”

“अरे, पांढऱ्यापांढऱ्यात फरक असतो.”

“असेल. मला बस लावायची असते.” असं म्हणून तो तोंड पुसत निघून गेला.

पहिल्यांदा ठरलं मधलं. सरकता पट्टा आहे, गुडघ्यांना त्रास नाही. बायकोने कपाटाच्या वरची बॅग काढली, लोकरीच्या टोप्या उन्हात टाकल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं की पट्टा मधेच बंद पडतो आणि माणसं उतारावर लटकून राहतात. बॅग कपाटावर गेली. मग ठरलं वरचं. एकदाच जायचं तर अस्सलच बघू. बॅग खाली आली. त्यावर कुणी म्हणालं, वरच्या पायऱ्यांना कठडा नाही. बॅग वर गेली. त्या टोप्यांना इतकं ऊन मिळालं की त्यांचा रंग उतरला. मेहुणीने फोन करून विचारलं, “जाऊन आलात का?” तर बायको म्हणाली, “बॅग जाऊन येऊन आहे.”

इकडे उन्हं तापायला लागली. वरच्या पार्काचा रस्ता दरड कोसळून बंद झाला. पुढच्या आठवड्यात मधल्यात गवत दिसायला लागलं, तेही बंद. राहिलं खालचं, यंत्राच्या जिवावर.

“बघ,” तो खुशीत येऊन म्हणाला, “निवड किती सोपी झाली.”

“झाली,” ती म्हणाली. “आणखी थोडं थांबलो की अगदीच सोपी होईल.”

हे मात्र त्याला लागलं. त्याने त्याच संध्याकाळी दोन तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारावर ‘आज बंद’ असा कागद चिकटवला. चष्मे मांडायच्या फळीवरचा सगळ्यात चांगला गॉगल बायकोला दिला, तोसुद्धा न ताडता. दोघं बसमध्ये जाऊन बसली. ती खिडकीशी, मांडीवर बॅग. तिने गॉगल तिथेच लावला. बस अजून सावलीत उभी होती.

तर त्याच वेळी डोंगरावर रात्री मुक्काम केलेली एक बस येऊन शेजारी लागली आणि तिच्यातून नाकाची साल निघालेला एक तरुण उतरला. पहिली-का-दुसरीच्या हातापायांना मुंग्या आल्या. “एकच मिनिट हं,” म्हणून तो खाली उतरला.

“काय हो, खालच्यातून आलात? बर्फ कसा आहे?”

“चांगला आहे की.”

“सकाळी बरा असतो, का दुपारी?”

तरुण बिचारा सरळ होता. त्याने विचार करून सांगितलं, “सकाळी जरा कडक असतो. दुपारी मऊ होतो.”

हे तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मऊ बर्फ! म्हणजे गुडघ्यांना दुपारचा बरा. दुपारीही एक बस होती. पण दुपारी ऊन, आणि यंत्राचा बर्फ उन्हात किती टिकणार? सकाळची बरी, का दुपारची? बायकोलाच विचारावं म्हणून तो वळला, तर बस निघाली होती. खिडकीत काळा गॉगल दिसला. तो हात वर करून ओरडणार होता, पण थांबा म्हणावं का पुढे व्हा म्हणावं हे ठरेना, आणि बस कोपऱ्यावर वळली.

ड्रायव्हरने नंतर त्याला सांगितलं. त्याने काकूंना विचारलं होतं, काका यायचेत ना? तर त्या म्हणाल्या, “ते बघताहेत. तू चल.”

आता तुम्ही म्हणाल, मग दुपारच्या बसने जायचं होतं त्याने. तेच तर तो दुकानाच्या पायरीवर बसून बघत होता. मागून जावं, तर ती परत यायला निघालेली असायची आणि वाटेत चुकामूक व्हायची. इथेच थांबावं, तर ती तिथे एकटी. जावं, का थांबावं? दुपारची बस त्याच्यासमोर लागली, भरली आणि सुटली. तो बघतच होता.

संध्याकाळी ती आली. ड्रायव्हरच्या दंडाला धरून एकेक पायरी उतरली. साडी ओली, नाक लाल, टोपी कुठेतरी पडलेली.

“काका, काकू काय हसल्या म्हणून सांगू,” ड्रायव्हर म्हणाला. “ट्यूब ओढणारा माणूस दमला, पण या म्हणतात, आणखी एकदा. सगळं पार्क यांच्याकडे बघत होतं.”

सगळं पार्क. बायको मोठ्याने हसते कशी, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि त्याला ते नीट आठवेना. ते बघायला मिळालं त्या ट्यूब ओढणाऱ्या माणसाला, बस ड्रायव्हरला आणि कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांना.

त्याने तिला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, गुडघ्याखाली उशी दिली, चहा आणला. मग राहवेना.

“कसं होतं गं? म्हणजे, वरच्यापेक्षा...”

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “मी एकच पाहिलं.”

तिने चहाचे दोन घोट घेतले आणि आपणहूनच सांगायला लागली. “वरून सोडलं ना, तेव्हा पोटात असा गोळा आला. वाटलं, मेले आता. मग कळलं की मेले नाही. मग हसायलाच यायला लागलं.”

“डोळे मिटले होतेस?”

“छे. टक्क उघडे. तुमचा गॉगल छान आहे.”

दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे टम्म सुजले आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख अलीकडे ओढली. ती घरी पडून होती. दुकानात तो एकटाच. सकाळच्या बसच्या आधी एक नवराबायको धावत आत आली. गॉगल घेता घेता नवऱ्याने विचारलं, “काका, तुम्हाला सगळी माहिती आहे म्हणतात. खालचं बरं आहे का?”

पहिली-का-दुसरीने तोंड उघडलं. तीस हिवाळ्यांचं ज्ञान ओठांवर होतं.

“मी पाहिलेलं नाही,” तो म्हणाला. “मी बर्फच पाहिलेला नाही. बायको जाऊन आली.”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“चांगलं होतं म्हणाली.”

“कशापेक्षा?”

“कशापेक्षाही नाही. नुसतं चांगलं होतं.” त्याने गॉगल कागदात गुंडाळले, तेही धड जमलं नाही, ते काम तिचं होतं. “पळा आता, बस सुटेल तुमची.”

ती दोघं पळाली. तो दारात येऊन, बस कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा राहिला, आणि मग आत जाऊन गल्ल्यामागच्या तिच्या स्टुलावर बसला.