आईनं बांधलेली नाडी

सेमिनरीच्या व्हरांड्यात एक तरुण बूट घासतो आहे. पॉलिशचा तो उग्र वास आला की म्हातारपणीही मी मुरबाडजवळच्या आमच्या कुडाच्या घरी जाऊन पोहोचतो.

शहापूरच्या मिशनमध्ये फादर मला लॅटिन शिकवत. एका उन्हाळ्यात ते म्हणाले, "अभ्यास झाला. जूनमध्ये पाद्री व्हायला सेमिनरीत घेतील, पण आईचा होकार हवा." तिकडे जेवतानाही पायात बूट लागत, म्हणून सवयीसाठी त्यांनी आपले जुने बूट मला दिले.

वडील नव्हते आणि मी एकुलता एक. होकाराचं विचारलं की आई वासराला पाणी पाजायला उठे. घरात भिंतीवर येशूची तसबीर होती, तरी वहाणा उंबऱ्याबाहेरच राहत. मी बूट पॉलिश करून घाली आणि अंगणातच लॅटिन घोकत फिरे.

एका सकाळी तिनं घर सारवलं. शेणाचा ओला, गार वास दारापर्यंत येत होता. तिनं भाकरी वाढली तसा मी बुटाची नाडी सोडायला वाकलो.

"काढू नको रे," ती म्हणाली. "तितं घालूनच जेवतात ना? मग हितं शिक. ये आत."

ओल्या जमिनीवर ठसे उमटवत मी जाऊन बसलो. माझी अर्धवट सुटलेली नाडी तिला दिसली. ती पायाशी बसली आणि वासराला खुंट्याला बांधताना मारायची तशी, कितीही ओढली तरी न सुटणारी गाठ तिनं मारली.

"सांग तुज्या फादरला," मान वर न करता ती म्हणाली, "आई हो बोलली."

तेव्हा मला वाटलं, तिला दुसरी गाठ येतच नसावी.