गाडीला घाम येतो, गळती नाही

माझा ट्रक गळत नाही, त्याला घाम येतो. हे वाक्य मी गेल्या हिवाळ्यात इतक्या वेळा बोललो की शेवटी शेवटी ते मलाच खोटं वाटायला लागलं.

आम्हा जुन्या ड्रायव्हर लोकांत हा फरक लय मोठा. इंजिनाच्या अंगावर तेलाचा ओलावा दिसला तर तो घाम. कामाच्या माणसाला येतो, तसा कामाच्या गाडीला येतो, त्यात लाज कसली. पण खाली थेंब पडला की ती गळती, आणि गळती म्हणजे मालकाची अब्रू रस्त्यावर. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण एवढं व्याकरण मला येतं.

गाडी सहा टायरी, जुनी, पण पासिंग शिल्लक असलेली. आठवड्यातून दोनदा मखमलाबादच्या मळ्यांतला भाजीपाला पंचवटीच्या मार्केटात टाकायचा आणि बाकीचे दिवस माझ्या अंगणात उभं राहायचं, एवढंच तिचं काम. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग माझ्या पोरानं दिवाळीला अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, लाल आणि करडे. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन देव झाले. एक देव्हाऱ्यातला आणि एक अंगणातला. देव्हाऱ्यातल्याचं एवढं सोवळं नव्हतं.

पोरगा नाशिक रोडला नोकरीला. रोज संध्याकाळी येऊन आधी ट्रकखाली वाकायचा, मग घरात यायचा.

"आबा, हे काय?"

"घाम हाय."

"मग घामाला बादली लावू का?"

मी म्हणालो, तुझ्या ब्लॉकलाच उतार आहे, म्हणून इंजिन कलतं आणि तेल एका अंगाला जातं. तो आत गेला आणि गवंडी उतार बघायला लावतात ती बुडबुड्याची पाणसळ घेऊन आला. बुडबुडा बरोब्बर मध्ये. मी म्हणालो, बुडबुड्याला काय कळतंय.

जानेवारीत त्यानं निकाल सांगितला. रविवारी मालेगावचा एक भंगारवाला येणार. शनिवारी संध्याकाळी ट्रकखाली पुठ्ठा टाकायचा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर गाडी भंगारात. मी मान हलवली, कारण नाही म्हणालो असतो तर गळती कबूल केल्यासारखं झालं असतं. ज्या गाडीनं त्याला शिकवलं, तिचा फैसला आता पुठ्ठा करणार होता.

गुरुवारी मी कामाला लागलो. गळती धरायची आमची रीत अशी की इंजिन डिझेलनं पुसून कोरडं करायचं, त्यावर पावडर मारायची, आणि गाडी चालू करायची. तेल जिथून निघेल तिथून पावडरीत काळी रेघ उतरते. सुनेच्या कपाटातली तोंडाला लावायची पावडर घेतली, सगळी. इंजिन मांडवातल्या नवरदेवासारखं दिसायला लागलं, वासही तसाच. चालू केलं आणि बघतो तर एक रेघ नाही, सगळीकडून रेघा. खालच्या तेलाच्या चेंबरमधून, वरच्या झाकणाच्या कडेनं, मागून सीलमधून. सगळ्या सांध्यांनी एकाच वेळी राजीनामा दिलेला.

संध्याकाळी पोरगा मोबाइल घेऊन आला. "आबा, या व्हिडिओत एक मेकॅनिक सांगतो, सगळीकडून तेल येत असलं तर आधी ब्रिदर बघा."

ब्रिदर म्हणजे इंजिनाचं नाक. आत कोंडलेली हवा बाहेर सोडणारी, बाजूनं खाली उतरणारी नळी. ते मला मोबाइलनं शिकवायचं.

"त्या सांगणाऱ्याच्या हाताला तेल लागलंय का कधी?" मी विचारलं.

"लागलंय. दिसतंय ना व्हिडिओत."

"मग आधी हात धुवून ये म्हणावं त्याला."

शुक्रवार अख्खा बारदानावर उताणा पडून गेला. तेल घमेल्यात काढलं, चेंबरचे बोल्ट एकेक करून सोडले, जुनं पॅकिंग खरवडलं, नवं बसवलं. आमची कारभारीण पाट टाकून शेजारी बसलेली. चौदाचा म्हटलं की ती चौदाचाच पाना हातात द्यायची. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं माझ्या बोलण्यातलं एवढंच निमूट ऐकलं असेल. वरच्या झाकणाचंही पॅकिंग कागदातून कापून बदललं. सांध्यांना इतका डिंक फासला की लाडू वळले असते.

शनिवारी दुपारी तेल भरून गाडी चालू केली. दहा मिनिटं सगळं कोरडं. मी कारभारणीकडे असं बघितलं की ती उठून चहा टाकायला गेली. तेवढ्यात फस्स झालं आणि तेल मोजायची सळई आपोआप वर उडून माझ्या पायाशी पडली. चेंबरच्या कडेनं नव्या पॅकिंगमधून काळी रेघ उतरली.

सळई अशी उडते ती आतल्या कोंडलेल्या हवेनं. हे मला व्हिडिओ निघायच्या आधीपासून माहीत होतं. रस्त्यावर कोणी बघत नाही ना, हे पाहून मी खाली सरकलो आणि ब्रिदरच्या तोंडात बोट घातलं. बोटाला कापड लागलं. ओढलं तर वीतभर बोळा निघाला, तेलानं काळा झालेला, पण एका टोकाला हिरवी किनार.

चहा घेऊन ती समोरच उभी.

"ही तर माझ्या जुन्या लुगड्याची किनार."

मी बोळा मुठीत दाबला.

"दसऱ्याला गाडी धुताना मागितलं होतं तुम्ही. नळीत पाणी जाईल म्हणून."

गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. नाकातला बोळा काढायचा राहिला. पूजा झाली आणि देवाचा श्वास बंद. तीन महिने गाडी बिचारी मिळेल त्या फटीतून श्वास सोडत होती, सोबत तेल यायचं.

"पोराला सांगता का मी सांगू?" ती म्हणाली.

"त्याला काय करायचंय. थांबली ना गळती."

रविवारी सकाळी पुठ्ठा कोरडा होता. भंगारवाल्यानं वाकून हात फिरवला, सळई ओढून बघितली आणि म्हणाला, "चाचा, ये तो चालू गाडी है. बेचते क्यों हो?"

पोरगा माझ्याकडे वळला. "आबा, नेमकं काय होतं? पॅकिंग गेलं होतं का? पॅकिंग असलं तर सहा महिन्यांनी पुन्हा जाईल. मग आजच देऊन टाकू."

तिथं मी अडकलो. पॅकिंग म्हणालो तर माझी इभ्रत राहते आणि गाडी जाते. खरं बोललो तर गाडी निर्दोष सुटते आणि आरोपी मी. कारभारीण दारात उभी राहून तांदूळ निवडत होती, पण नजर तांदळावर नव्हती.

"बोळा होता," मी म्हणालो. "ब्रिदरमध्ये. मीच कोंबला होता, दसऱ्याला."

भंगारवाला खालमानेनं हसला, पाहुणा म्हणून आवाज केला नाही. पोरगा हसला नाही. गुडघे टेकून त्यानं स्वतः नळीत बोट घातलं, हवा लागते का पाहिलं, आणि उठून म्हणाला, "म्हणजे इंजिनाला काही झालंच नव्हतं."

"इंजिनाला काय होतंय. मी सांभाळलंय."

"ते दिसलंच," तो म्हणाला. मग भंगारवाल्याला त्यानं गच्चीवरचा मोडका कूलर दाखवला, म्हणजे त्याची फेरी वाया जायला नको.

गाडी राहिली. पण गुन्हा कबूल केला की पुढचं आलंच. ब्लॉकवरचे दिवाळीपासूनचे डाग कोणाच्या नावावर, हा प्रश्न आता उरला नव्हता. सुनेनं कपड्यांचा साबण आणि तारेचा ब्रश आणून माझ्यापुढं ठेवला, पावडरीचा विषयही काढला नाही, हे तिचं मोठेपण. दुपारी उन्हात उकिडवा बसून घासत होतो, तर शेजारचे रिटायर्ड क्लार्क फाटकाशी थांबले.

"आबा, आज घरकाम?"

"गाडी राखलीय," मी म्हणालो, "म्हणून फरशी धुतोय." आणि त्यांना उभं राहायला कोरडी जागा दाखवली, कारण ओल्या ब्लॉकवरून माणूस घसरतो.