खारे दाणे आणि गाडीची किल्ली

आमच्या घरात पत्त्यांना पैसा लावायचा नाही, हा आजोबांचा नियम. आजोबा गेले, नियम राहिला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, कुठलंच शुभ काम करायचं नसतं, म्हणून सोलापुरातलं आमचं सगळं खानदान दुपारी जेवून सतरंजीवर बसतं आणि शेंगदाण्यांवर डाव मांडतं. शेवटी ज्याच्यापुढं सगळे दाणे जमतील, त्याचा एक शब्द घरानं वर्षभर पाळायचा. दुसरा नियम: खाल्लं ते हरलं. डावातला दाणा तोंडात टाकला की तो गेला, डब्यातून बदली मिळत नाही.

आजवरचे शब्द किरकोळच असायचे. मी एकदा जिंकले, तेव्हा घरातल्या पुरुषांना दर रविवारी भाकरी थापायला लावली होती. त्या वर्षी रविवारी जे काय पानात पडायचं, त्याला भाकरी म्हणणं म्हणजे ज्वारीचा अपमान. पण मागच्या करीला काकूनं डाव सुरू व्हायच्या आधीच आपला शब्द सांगून टाकला.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. हिनं रीतसर गाडी शिकून लायसन घेतलं, त्याला दोन वर्षं झाली होती. गाडी दोन्ही भावांची, पण किल्ली माझ्या वडलांच्या, म्हणजे अप्पांच्या, सदऱ्याच्या खिशात. काकू मागायची, अप्पा म्हणायचे, बघू. मोहोळपर्यंत ट्रक, टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या, बाईमाणसानं कशाला तो ताप घ्यायचा? काकूची आई करमाळ्यात एकटी राहते. नजर अधू, गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी चढवत नाही. तिला एकदा कमळाभवानीच्या देवळात नेऊन आणायचं, तर आमच्यातल्या कुणा पुरुषाला सवड कधी होते याची वाट बघायची. सवड काय, आम्हाला लग्नाकार्याला झटकन व्हायची. काकूच्या आईसाठी मात्र कधी जमायचं नाही. मला याचा लई राग यायचा.

तर काकूचा शब्द असा: किल्ली दर रविवारी माझ्याकडं. अप्पांनीही लगेच आपला शब्द सांगितला: गाडीचा विषय वर्षभर या घरात काढायचा नाही. काका थोरल्या भावापुढं कधी बोलत नाहीत, ते तिळाच्या लाडवाकडं बघत बसले. आणि करमाळ्याची म्हातारी अजून एक वर्ष थांबेल का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पोकर आमच्या घरात मीच आणलं, पुण्याच्या नोकरीतनं. दोन पत्ते हातात, पाच मध्ये एकेक करून उघडायचे, आणि दर वेळी दाणे टाकायचे किंवा हात सोडायचा. त्या दुपारी बाकीचे एकामागून एक बाहेर पडले. माझेही दाणे संपले, म्हणून मी पत्ते वाटायला काकूच्या शेजारी बसले. उरले दोघंच, अप्पा आणि काकू.

मधला ढीग चांगला फुगला होता. चार पत्ते उघडे झाले होते, शेवटचा एक राहिला होता. काकूच्या हातात किल्वरचा एक्का आणि सत्ती, मध्ये किल्वरचीच दोन पानं. म्हणजे आज हातात काहीच नाही, पण शेवटचं पान किल्वरचं पडलं तर एकाच रंगाची पाच पानं, म्हणजे राज्य. अप्पांनी पुढ्यातले सगळे दाणे दोन्ही हातांनी पुढं ढकलले आणि म्हणाले, "सगळे. बोला आता."

  मी काकूच्या जागी असते तर एक तर तोऱ्यात टाकलं असतं, नाही तर घाबरून हात सोडला असता. काकू यातलं काही करेना. तिनं पदर नीट केला, पत्ते पालथे ठेवले आणि अप्पांना म्हणाली, "भाऊजी, तुमचे दाणे जरा मुठीनं मोजा की."

अप्पा हसले. मोजायचं काय, दोघांचे सारखेच तर आहेत. पण नियम म्हणजे नियम, समोरच्यानं ढकलले तेवढेच आपण टाकायचे, म्हणून मोजणं आलंच. अप्पांनी मूठ भरली. भरली ती एकच. खाली सतरंजीवर नुसतं मीठ आणि सालपटं.

त्याचं असं झालं होतं. दरवर्षी डावाला कच्चे दाणे असतात, ते कोण खाणार? या वर्षी काकूनं खारे भाजलेले आणून ओतले होते. आणि अप्पांचा स्वभाव असा, की पान चांगलं आलं की त्यांचं तोंड सुरू. पान वाईट असलं की हाताची घडी घालून महादेवासारखे बसतात. साठीचा माणूस, जन्मभर व्यापार केला, गिऱ्हाइकाचं मन त्याच्या चेहऱ्यावर वाचतो, आणि स्वतःचं तोंड काय करतंय ते त्याला ठाऊक नाही. त्या हातावर त्यांनी तीन मुठींतल्या दोन फस्त केल्या होत्या.

काकू माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "भाऊजींकडं पान आहे. खात होते. मला किल्वरच लागेल, आणि ते पाचात एकदा पडतं." मग मधल्या ढिगाकडं बघितलं. तिथं सहा मुठींच्या वर माल होता. ती म्हणाली, "तीन मुठी मागितल्या असत्या तर सोडलं असतं. एका मुठीत महाग नाही." आणि एक मूठ मोजून मध्ये ओतली. हात जरासुद्धा हलला नाही.

मी शेवटचं पान उघडलं. चौकटची तिर्री.

अप्पांनी दोन जोड्या दाखवल्या, ढीग ओढला, आणि मला रडू आवरेना. माझ्याच हातानं ते मेलं पान पडलं होतं. काकूनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, अगं, चारदा चुकणार म्हणूनच तर ते स्वस्त मिळालं. बरोबर केलं की, नशीब आपलं काम करील. तिच्यापुढं अजून दोन मुठी होत्या. वाट पत्ते, म्हणाली.

असं काळीज मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही. हरल्यावर पुढचा हात रागानं खेळणारे मी पुण्यात ढिगानं बघितलेत, मी स्वतः त्यांतलीच. काकू मात्र मघासारखीच खेळत राहिली. नको ते हात सोडले, हवे ते धरले, आणि मूठमूठ करून अप्पांच्या बरोबरीला आली. अप्पा जिंकल्याच्या आनंदात आणखी खात सुटले. दिवस कलायच्या सुमाराला पुन्हा तसाच डाव आला, या वेळी इस्पिकचा. अप्पांनी पुन्हा सगळे ढकलले, काकूनं पुन्हा मोजायला लावले, पुन्हा स्वस्तात पडलं. मी डोळे मिटूनच पान उघडलं. इस्पिकची दश्शी.

अप्पांपुढं आता एकही दाणा उरला नाही. त्यांनी खिशातनं किल्ली काढून काकूपुढं ठेवली. एवढंच म्हणाले, ब्रेक जरा कडक आहे, आधीच दाबायचा. हरावं तर असं, आमच्या अप्पांचंही मला तेव्हा कौतुकच वाटलं.

भांडी घासताना मी काकूला विचारलं, यंदा खारे दाणे कसे काय? ती म्हणाली, कच्चे संपले होते. फळीवर कच्च्या दाण्यांचा डबा काठोकाठ भरलेला होता.

रविवारी आम्ही निघालो. काकू चालवत होती, मी शेजारी, अप्पा मागं. टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्याच. काकू घाई न करता मागं थांबायची आणि रस्ता मोकळा दिसला की पुढं काढायची. अप्पा हाताची घडी घालून बसले होते, काही खात नव्हते.

करमाळ्यात म्हातारी दारातच बसली होती. काकूनं हाताला धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं गेले. म्हातारीनं चाचपडत इकडं तिकडं बघितलं.

"डायवर कुटं हाय?"

"मीच हाय की, आई."

म्हातारीनं हात लांब करून काकूचा हात चाचपला, तो स्टिअरिंगवर होता. तो तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "मंग आता येत जाशील की गं."

दोनदा सगळ्या डावासमोर न हललेली माझी काकू तिथं हमसून हमसून रडली. गाडी निघायला लई वेळ लागला, आणि अप्पांनी घाई केली नाही.